कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत

संगणकाच्या कळफलकावरची कळ दाबली जाणे आणि तिचे अक्षर पडद्यावर उमटणे या दोन घटनांच्या दरम्यान जो काळ जातो, तो सामान्य मनुष्याच्या खिजगणतीतही नसतो. परंतु ज्यांची उपजीविका किंवा ज्यांचा छंद दिवसाकाठी हजारो कळा दाबण्यावर चालतो, अशा प्रोग्रॅमरांत, चुरशीच्या सामन्यांत उतरणाऱ्या गेमरांत आणि जुने कळफलक जमवणाऱ्या हौशी मंडळींत याच काळावरून कित्येक वर्षे असा हिरिरीचा वाद चालला आहे, की त्यात आकडे, आलेख आणि चित्रफिती पुरावा म्हणून रुजू होतात, उलटतपासण्या झडतात, आणि निकाल मात्र लागत नाही. या विलंबाला ते ‘लॅग’ म्हणतात आणि तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजतात.

एका पक्षाचे म्हणणे असे, की जुन्या संगणकांच्या पाठीमागे जांभळ्या रंगाचे जे वाटोळे पीएस/२ पोर्ट असे, त्यात जोडलेला कळफलक तत्क्षणी बोलतो आणि यूएसबीचा कळफलक ताटकळत राहतो. दुसरा पक्ष म्हणतो, की एखादी गोष्ट दिसून हात हलवायलाच मनुष्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, तेव्हा पाचदहा मिलिसेकंदांची ही फिर्याद मुळातच खारीज करावी. आणि तिसरा, ज्याने नुकतेच बरेच पैसे मोजून सेकंदाला ८,००० वेळा खबर पोहोचवणारा कळफलक घरी आणला आहे, तो आपल्या बोटांना फरक स्पष्ट जाणवतो असे शपथेवर सांगतो. माझ्या मते हे तिघेही एकाच कारणाने चुकतात. विलंब ही अनेक लहानमोठ्या रकमांची बेरीज आहे, आणि जो तो त्यांतली आपल्या आवडीची एक रक्कम उचलून सगळ्या खात्याचा निर्णय देऊन मोकळा होतो. गंमत अशी, की भांडण ज्या रकमेवरून सर्वांत जास्त होते ती रक्कम बहुधा सर्वांत क्षुल्लक असते.

या बेरजेतली पहिली रक्कम बोटाच्या प्रवासाची आहे, आणि ती हिशेबात धरायची की नाही येथूनच मतभेदाला आरंभ होतो. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात बाजारात आणलेल्या एमएक्स जातीच्या स्विचचे उदाहरण घेऊ, कारण आजच्या बहुतेक यांत्रिक कळफलकांचे स्विच त्याच घराण्यातले किंवा त्याची नक्कल आहेत. त्याची कळ एकंदर ४ मिलिमीटर खाली जाते आणि विजेचा स्पर्श साधारण २ मिलिमीटरवर घडतो. बोट सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने खाली उतरत असेल, तर स्पर्शबिंदू गाठण्यातच १० मिलिसेकंद खर्ची पडतात, आणि बोट त्याच्या निम्म्या वेगाचे असेल तर २०. म्हणजे ज्या यूएसबीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे, तिच्यापर्यंत मामला पोहोचण्यापूर्वीच विलंबाचा भरघोस हिस्सा केवळ प्लॅस्टिकच्या खाली सरकण्यात निघून गेलेला असतो. हे ओळखूनच चेरीने पुढे गेमरांसाठी १.२ मिलिमीटरवर स्पर्श घडवणारा स्विच काढला. आणि ज्या चपट्या कळफलकांना यांत्रिक स्विचांचे भोक्ते नाके मुरडतात, त्यांची कळ मुळात थोडकीच खाली जात असल्यामुळे या एका बाबतीत ते भल्याभल्यांना मागे टाकतात.

स्पर्श झाला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात तेव्हा त्या एका भेटीत स्थिरावत नाहीत. त्या भिडतात, सुटतात, पुन्हा भिडतात, आणि ही कंपने काही मिलिसेकंदांपर्यंत चालू राहू शकतात. चेरीने आपल्या स्विचच्या तांत्रिक पत्रकात या थरथरीची कमाल मर्यादा ५ मिलिसेकंद अशी दीर्घकाळ दिलेली होती. कळफलकाच्या पोटात जो चिमुकला प्रोसेसर असतो, तो दर सेकंदाला हजारभर वेळा सर्व कळांची पाहणी करीत असल्यामुळे त्याला ही प्रत्येक भेट स्वतंत्र दाब वाटू शकते, आणि तसे झाले तर एकदा ‘क’ दाबणाऱ्याच्या पदरात तीन ‘क’ पडतात. यावरचा उपाय डीबाउन्स या नावाने ओळखला जातो आणि त्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग असा, की पट्ट्या पूर्ण शांत झाल्याची खात्री होईपर्यंत थांबावे आणि मगच कळ दाबली गेल्याचे दप्तरी नोंदवावे. दुसरा असा, की पहिल्या स्पर्शालाच नोंद करून टाकावी आणि पुढचे काही मिलिसेकंद त्या कळेकडे कानाडोळा करावा. पहिल्यात प्रत्येक दाबाला ठराविक दंड बसतो. दुसऱ्यात दंड नाही, पण विजेचा एखादा बारीकसा खोटा झटकासुद्धा खरा दाब म्हणून स्वीकारला जाण्याची भीती आहे. कळफलक स्वतः बांधणाऱ्या हौशी लोकांत प्रचलित असलेले क्यूएमके हे मुक्त फर्मवेअर, म्हणजे त्या प्रोसेसरला चालवणारी आज्ञावली, वापरणाऱ्याने काही बदल केला नाही तर, पहिला मार्ग आणि ५ मिलिसेकंदांची मुदत पत्करते. कारखानदारांपैकी अनेकांनी याहून लांब मुदत ठेवली असेल तर त्याचे मला नवल वाटणार नाही, कारण एकाच्या जागी दोन अक्षरे उमटली तर गिऱ्हाईक माल परत करते, पण दहा मिलिसेकंद उशीर झाला म्हणून दुकानाची पायरी चढणारे गिऱ्हाईक विरळा.

धातूचा स्पर्शच नको, म्हणजे थरथरही नको, हा विचारही जुनाच आहे. एडविन हॉल या अमेरिकन संशोधकाने १८७९ साली दाखवून दिले, की वीज वाहणाऱ्या पातळ पत्र्याजवळ चुंबक आणला असता पत्र्याच्या दोन कडांमध्ये विद्युद्दाबाचा फरक उत्पन्न होतो; चुंबक जवळ आला की हा फरक वाढतो, दूर गेला की घटतो. कळेच्या देठाला चुंबक बसवून तिची खोली अशा रीतीने मोजणारे कळफलक हनीवेल कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस बनवले होते, आणि अलीकडे गेमरांसाठी तोच प्रयोग नव्याने भरभराटीस आला आहे. यात कळ किती खाली गेली हे सतत कळत असल्यामुळे तिने कोठे ‘दाबली’ म्हणवून घ्यावे आणि कोठे ‘सुटली’ हे फर्मवेअरच्या मर्जीवर राहते. या मुखत्यारीतून २०२४ साली एक वेगळाच पेच उद्भवला. डावीकडची कळ दाबलेली असतानाच उजवीकडची दाबली, तर पहिली आपोआप सुटली असे धरून खेळाडूची दिशा निमिषार्धात बदलणारी सोय रेझर, वूटिंग यांसारख्या कंपन्यांनी दिली, आणि वाल्व्ह कंपनीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या ‘काउंटर-स्ट्राइक २’ या खेळाच्या अधिकृत सर्व्हरांवर तिला मनाई केली. कळफलकाने किती चपळ असावे याला त्या मनाईने हरकत घेतली नाही. खेळाडूच्या बोटांचे कसब कळफलकाने परस्पर उरकू नये, एवढाच तिचा आशय होता.

आता खुद्द यूएसबीकडे वळू. हिचे पहिले विनिर्देश जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागे कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या होत्या, आणि ज्यांच्या नेतृत्वाखाली इंटेलमध्ये ही कल्पना आकाराला आली ते अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, ही गोष्ट गायकवाडांच्या त्या नगरीशी जुना ऋणानुबंध असलेल्या मराठी वाचकाला सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. छापयंत्र, माउस, कळफलक, मोडेम अशा प्रत्येक उपकरणाला निराळे पोर्ट लागत असे तो गोंधळ मोडून सर्वांना एकाच आकाराची जागा करून द्यावी, हा त्यांचा हेतू होता. आणि इतकी परस्परभिन्न उपकरणे एकाच तारेवर नांदवायची, तर बोलण्याची शिस्त कडक असणे भाग होते. ती शिस्त अशी, की उपकरणाला आपणहून तोंड उघडण्याची मुभा नाही. जुन्या मामलेदार कचेरीत अर्जदार दारापाशी कागद घेऊन उभा असला, तरी शिरस्तेदार यादीप्रमाणे नाव पुकारील तेव्हाच त्याने पुढे व्हायचे, आणि सांगण्यासारखे काही नसले तर ‘काही नाही’ म्हणून मागे सरायचे, असा जो शिरस्ता असे, तोच येथे आहे. संगणक ठराविक अंतराने कळफलकाला पुकारतो. कळ दाबली गेली ती नुकताच पुकारा होऊन गेल्यावर, तर पुढची पाळी येईपर्यंत ती खबर कळफलकाच्या हातात तशीच पडून राहते.

ही पाळी किती वेळाने येते, हा सगळ्या वादाचा मर्मबिंदू. सेकंदाला १५ लक्ष बिटांच्या मंद गतीने चालणाऱ्या उपकरणांसाठी विनिर्देशांत हे अंतर कमीत कमी १० मिलिसेकंद असावे असे म्हटले आहे. प्रत्यक्षात संगणकाचे नियंत्रक ते दोनाच्या घातांकापर्यंत खाली ओढतात आणि अंतर ८ मिलिसेकंदांचे होते, म्हणजे सेकंदाला १२५ पुकारे. कळा दाबण्याचा आणि पुकाऱ्याचा काही मेळ नसल्यामुळे वाट पाहण्याचा काळ कधी शून्याजवळ तर कधी आठाजवळ पडतो, आणि त्याची सरासरी ४ मिलिसेकंद भरते. सेकंदाला १ कोटी २० लक्ष बिटांच्या गतीचे उपकरण मात्र दर मिलिसेकंदाला पुकारता येते, आणि तेथे सरासरी अर्ध्या मिलिसेकंदावर येते. यालाच दुकानदार हजार हर्ट्झचा पोलिंग रेट म्हणतात. त्याहूनही शीघ्र गतीच्या उपकरणांना मिलिसेकंदात आठ पाळ्या मिळू शकतात. जाहिरातींतले ८,००० हर्ट्झ ते हेच. आता हिशेब पाहा : १२५ वरून १,००० वर गेल्याने सरासरी साडेतीन मिलिसेकंद वाचतात, आणि १,००० वरून ८,००० वर जाण्यासाठी जे जास्तीचे पैसे मोजावे लागतात त्यांच्या बदल्यात अर्धा मिलिसेकंदसुद्धा पुरता हाती लागत नाही.

आणि पीएस/२? आयबीएमने १९८७ साली आपल्या त्याच नावाच्या संगणकांबरोबर आणलेल्या या पोर्टात पुकाऱ्याची भानगड नाही, हे खरे. कळ दाबली की कळफलक स्वतःहून संकेत धाडतो आणि प्रोसेसरला हातातले काम थांबवून तो घ्यावा लागतो. परंतु धाडण्याची तार किती संथ आहे हे या पोर्टाचे कैवारी सांगत नाहीत. दर बाइटमागे आरंभाची एक, मजकुराच्या आठ, पडताळ्याची एक आणि समाप्तीची एक अशा अकरा बिटा जातात, त्यांची गती १० ते १६.७ किलोहर्ट्झ असते, म्हणजे एका बाइटला सुमारे दोन तृतीयांश ते १.१ मिलिसेकंद वेळ लागतोच. शिवाय त्या कळफलकाच्या पोटातही पाहणी आणि थरथरीची मुदत यूएसबीच्या भावंडासारखीच आहे. मंद यूएसबीशी तुलना केली तर जुने पोर्ट सरासरी तीनेक मिलिसेकंदांनी पुढे राहते आणि हजार हर्ट्झच्या यूएसबीशी केली तर थोडे मागेच पडते, असा या प्रकरणाचा निवाडा आहे. जुन्या पोर्टाची एक खरी थोरवी वेगळीच होती : ते प्रत्येक कळेची खबर स्वतंत्र धाडत असल्यामुळे एकदम किती कळा दाबाव्यात याला त्याच्या बाजूने मर्यादा नव्हती, तर यूएसबीच्या प्राथमिक करारात ८ बाइटांचा जो नमुना ठरला आहे त्यात शिफ्ट, कंट्रोल इत्यादी सोडून फक्त सहा कळा मावतात. पुढे कळफलकांनी निराळे नमुने वापरून हीही अडचण दूर केली. जुन्या पोर्टाविषयीचा जिव्हाळा उरला तो बहुधा आयबीएमच्या १९८५ सालच्या मॉडेल एम कळफलकामुळे, ज्याच्या वाकून खाडकन आवाज करणाऱ्या स्प्रिंगांवर आजही लोक जीव टाकतात.

इतका वेळ आपण कळफलकाच्या चार बोटे जागेत फिरलो. पुष्कळसे वादही तेथेच थांबतात, आणि नेमकी ही थांबण्याची जागा चुकीची आहे. २०१७ साली डॅन लू या अमेरिकन अभियंत्याने वीसेक कळफलकांची मोजणी केली. कळ हलू लागल्यापासून यूएसबीच्या तारेवर खबर दिसेपर्यंतचा काळ त्याने धरला, म्हणजे बोटाचा प्रवास त्यात आला. सर्वांत चपळ कळफलकाला १५ मिलिसेकंद लागले आणि सर्वांत मंदाला ६०. दोघांतला हा पंचेचाळीसचा फरक पुकाऱ्याच्या अंतराने मुळीच उलगडत नाही. तो येतो कळेच्या खोलीतून, फर्मवेअरच्या मुदतींतून आणि पाहणीच्या आळसातून. अव्वल ठरला तो अॅपलचा चपटा, थोडकी कळ असलेला कळफलक, आणि ‘गेमिंग’ अशी पाटी लावून विकले जाणारे बरेचसे त्याच्या मागे रांगेत उभे होते. त्याच माणसाने त्याच वर्षी दुसरी मोजणी केली ती कळेपासून पडद्यापर्यंतच्या संपूर्ण वाटेची, आणि तिचा निकाल अधिकच लाजिरवाणा निघाला. १९८३ साली विक्रीस आलेल्या, एका मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या अॅपल टू-ई या संगणकाला अक्षर उमटवायला ३० मिलिसेकंद लागले, आणि त्याच्या हजारो पट वेगाने चालणाऱ्या कित्येक नव्या संगणकांना शंभराच्या वर.

हे घडते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. अॅपल टू-ई मध्ये कळफलकावर लक्ष ठेवायला एक स्वतंत्र चिप नेमलेली होती, प्रोसेसर तिच्याकडून अक्षराचा क्रमांक घेऊन स्मृतीतल्या ठरलेल्या जागी मांडी, आणि पडद्याचे मंडल ती जागा वाचून पुढच्या फेरीत अक्षर रेखाटी. मध्ये कोणी मध्यस्थ नव्हता. आजच्या संगणकात यूएसबीच्या नियंत्रकाने खबर घेतली, की ती कार्यप्रणालीच्या चालकाकडे जाते, तेथून खिडक्यांची व्यवस्था पाहणाऱ्या यंत्रणेकडे, तेथून जिच्या खिडकीत आपण लिहीत आहोत त्या प्रणालीकडे. ती प्रणाली मजकुराची मांडणी नव्याने करते, अक्षरांचे आकार निवडते, चित्र तयार करते आणि सर्व खिडक्या एकत्र जोडणाऱ्या कंपोझिटरच्या स्वाधीन करते. तो पुढच्या चौकटीची वाट पाहतो. मग ग्राफिक्स कार्ड, मग तार, मग पडदा. सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या पडद्यावर एक चौकट १६.७ मिलिसेकंदांची असते, आणि वाटेत दोन चौकटी जरी रांगेत अडकल्या तरी ३३ मिलिसेकंद गेले. पडद्याच्या आतही चित्र सुधारण्याचे उद्योग चालतात. दूरचित्रवाणी संचांत ते इतके वेळखाऊ असतात, की खेळणाऱ्यांसाठी ते सारे बंद करणारा ‘गेम मोड’ ठेवावा लागला. ‘डूम’ आणि ‘क्वेक’ या खेळांचा कर्ता जॉन कारमॅक याने २०१२ साली, चित्राचा एक ठिपका पडद्यावर पोहोचवण्यापेक्षा युरोपला इंटरनेटचा खलिता लवकर पोहोचवता येतो अशी तक्रार जाहीरपणे केली तेव्हा पुष्कळांना ती अतिशयोक्ती वाटली. पण त्याने डोक्यावर घालायच्या एका पडद्याची प्रत्यक्ष मोजणी केली होती आणि तिचा आधार त्याच्या विधानाला होता.

येथे दुसऱ्या पक्षाचा वकील उठून विचारील, की हे सगळे मान्य, पण मनुष्याला ते कळते काय? मनुष्याच्या विलंबाचा हा प्रश्न कळफलकांहून पुष्कळ वृद्ध आहे. ग्रिनिचच्या वेधशाळेत तारा दुर्बिणीतील तंतू ओलांडून जाण्याचा क्षण घड्याळाचे ठोके कानांनी मोजीत आणि तारा डोळ्यांनी पाहत टिपण्याची पद्धत होती, आणि १७९६ साली राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनी आपला मदतनीस डेव्हिड किनेब्रुक याला याच कारणावरून नोकरीतून दूर केले, की त्याच्या नोंदी मालकाच्या नोंदींहून सुमारे आठ दशांश सेकंद मागे पडत होत्या. बिचाऱ्याची बाजू ऐकून घेणारा कोणी नव्हता. पुढे क्योनिग्सबर्गच्या बेसेल या ज्योतिर्विदाने ते प्रकरण वाचले, इतर निष्णात निरीक्षकांशी स्वतःची तुलना करून पाहिली, आणि त्याला आढळले की तरबेज माणसांतही एक सेकंदाहून अधिक फरक नियमितपणे पडू शकतो. मॅस्केलिन बरोबर आणि किनेब्रुक चूक, असे म्हणायला काही आधारच नव्हता. त्याच क्योनिग्सबर्गमध्ये १८५० साली हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने बेडकाच्या मज्जातंतूतून संवेदना सेकंदाला सुमारे २७ मीटरच्या वेगाने जाते असे मोजून दाखवले, आणि १८६८ मध्ये उट्रेख्टच्या डोंडर्स या संशोधकाने प्रतिक्रियेला लागणाऱ्या काळाचे शास्त्रच उभे केले. दिवा दिसताच बोट हलवायला तरुण माणसाला सुमारे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, आणि आवाज ऐकून हलवायला त्याहून काहीसे कमी.

परंतु ही साक्ष या खटल्यात गैरलागू आहे. प्रतिक्रियेला लागणारा काळ आणि विलंब ओळखण्याची क्षमता या दोन वेगळ्या बाबी आहेत. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१२ मध्ये असा पडदा बनवून दाखवला, की त्यावर बोटाने ओढलेली आकृती अवघ्या एका मिलिसेकंदात बोटाच्या मागोमाग सरके. तो आणि शंभर मिलिसेकंदांचा पडदा शेजारी ठेवले तर दोहोंतला फरक कोणालाही दिसतो, आणि पुढील प्रयोगांत काही मिलिसेकंदांचा फरकही लोकांनी ओळखला. त्याचे कारण सोपे आहे. बोट सेकंदाला ३० सेंटिमीटर सरकत असेल, तर शंभर मिलिसेकंदांच्या उशिराने आकृती बोटाच्या ३ सेंटिमीटर मागे पडते. डोळा काळ मोजत नाही, अंतर मोजतो, आणि अंतर मोजण्यात तो पटाईत आहे. माउसच्या बाबतीत हेच. कळफलकावर मात्र असे अंतर कोठेच निर्माण होत नाही. कळ एकीकडे, अक्षर दुसरीकडे, आणि मध्ये मोजण्यासारखी जागा नाही. म्हणून माउसच्या हाती जो विलंब खुपतो तोच कळेच्या हाती खुशाल पचतो. आयबीएमच्या रॉबर्ट मिलरने १९६८ मध्येच लिहून ठेवले होते, की कळ दाबल्याची पोच एक-दोन दशांश सेकंदांत मिळाली तर पुरे. ती मर्यादा आज ढिली वाटते, पण ती कळेसाठी सांगितली होती, ओढण्यासाठी नव्हे. संगीताच्या मैफलीत साथीदार गायकापासून साडेतीन मीटरांवर बसला असेल तर त्याचा स्वर गायकापर्यंत यायला १० मिलिसेकंद लागतातच, आणि त्याने लय बिघडल्याचे कोणी म्हणत नाही.

सामन्याची गोष्ट निराळी, कारण तेथे विलंब जाणवण्याची गरजच नाही. दोन प्रतिस्पर्धी एकाच क्षणी एकमेकांना दिसले आणि दोघांची प्रतिक्रिया सारख्याच तडफेची असली, तर ज्याचा कळफलक २० मिलिसेकंद मागे आहे तो हरेल, आणि आपण का हरलो हे त्याला कधीच समजणार नाही. मात्र एकाच माणसाची प्रतिक्रियासुद्धा दर खेपेस काही दशक मिलिसेकंदांनी कमीजास्त होत असते. तेव्हा २० मिलिसेकंदांनी पारडे निश्चित झुकते, आणि अर्ध्या मिलिसेकंदाने झुकते असे जो म्हणतो त्याच्या हाताखाली, नावे झाकून, दोन कळफलक आळीपाळीने ठेवून पाहावेत एवढेच मी सुचवीन.

लेखनाचा प्रश्न यांपैकी कशातच बसत नाही. इंग्रजीत मिनिटाला ६० शब्द लिहिणारा माणूस दर २०० मिलिसेकंदांना एक कळ दाबतो, आणि तो अक्षर उमटण्याची वाट पाहत नाही. त्याची बोटे पुढच्या शब्दात असतात. विलंब एकसारखा असला तर त्याला तो अंगवळणी पडतो. कधी ३० तर कधी १५० असा हेलकावे खाऊ लागला, की तो अडखळतो. मराठीत याला आणखी एक पदर आहे. आपल्या लिपीत पडद्यावरचा मजकूर केवळ पुढे वाढत नाही, मागेही बदलतो : इनस्क्रिप्ट या कळमांडणीवर क लिहून ऱ्हस्व इकार दाबला, की ती वेलांटी क च्या आधी जाऊन बसते आणि क उजवीकडे सरकतो, क, हलन्त आणि ष या तीन कळांतून क्ष घडतो तेव्हा मधल्या टप्प्यावर पाय मोडलेला क दिसतो आणि मग दोन्ही अक्षरे मोडून तिसराच आकार उभा राहतो. म्हणजे प्रत्येक जोडाक्षराला डोळ्यासमोर एक हालचाल घडते, आणि वर सांगितल्याप्रमाणे डोळा हालचालीतला उशीर ओळखण्यात तरबेज आहे. जड झालेल्या ब्राउझरमध्ये मराठी लिहिताना जो त्रास होतो तो इंग्रजीच्या मानाने अधिक वाटतो, त्याचे मूळ मला येथे दिसते. शासकीय संगणक टंकलेखन परीक्षेतली मराठीची पहिली पायरी मिनिटाला ३० शब्दांची, म्हणजे शब्दाला दोन सेकंदांची आहे; त्या गतीला कोणताही कळफलक पुरून उरतो, पण मागे सरकणारी वेलांटी त्या गतीलाही दिसतेच.

ज्याला या वादात स्वतः साक्ष द्यायची असेल, त्याच्यापाशी आता साधन आहे. बहुतेक चांगल्या मोबाइल फोनांत सेकंदाला २४० चौकटींचे चित्रण होते, म्हणजे एक चौकट ४.२ मिलिसेकंदांची. बोट आणि पडदा दोन्ही एकाच चित्रात येतील असा फोन ठेवावा, कळ हलू लागल्यापासून अक्षर दिसेपर्यंतच्या चौकटी मोजाव्यात, आणि हे एकदा करून भागत नाही हे पहिल्या दहाबारा नोंदींतच ध्यानात येईल, कारण पुकाऱ्याची वाट शून्य ते आठ आणि पडद्याच्या चौकटीची वाट शून्य ते सोळा अशी दर खेपेस वेगळी पडते, आणि काहीही बिघाड नसताना दोन नोंदींत २४ मिलिसेकंदांचे अंतर येऊ शकते. कळ हलू लागली तो क्षण धरला की ती तळाला टेकली तो, हेही लिहून ठेवावे. आणि लिहायची ओळ नेहमी तीच ठेवावी, कारण पडदा वरून खाली रेखाटला जातो. एकाच कळफलकावर, एकाच संगणकावर, एकाने पडद्याच्या पहिल्या ओळीत लिहून मोजणी केली आणि दुसऱ्याने शेवटच्या ओळीत, तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर दोघांच्या आकड्यांत सुमारे १६ मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि जुन्या व नव्या पोर्टांमुळे सरासरी जो फरक पडतो त्याच्या तो चौपटीहून मोठा आहे.